वाचक विचारतात: जुन्या मोटरसायकलचा करंट, पॉइंट आणि टायमिंग

या वेळी पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली, कार्ब्युरेटर बिघडला म्हणून आलेल्या बऱ्याचशा तक्रारी नीट वाचल्या की करंटच्याच, म्हणजे प्लगच्या ठिणगीच्या, निघतात. म्हणून हा अख्खा कॉलम इग्निशनलाच, म्हणजे ती ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेलाच दिलाय. कार्ब्युरेटरवाल्यांनी रागावू नका, आधी हे वाचा, कदाचित तुमचंही काम यातच होऊन जाईल.

प्रश्न: सर, माझ्याकडे साठच्या दशकातली इंग्लिश पॅरलल ट्विन आहे, १२ व्होल्ट, पॉइंटवाली. ग्रुपमधले सगळे म्हणतात की पॉइंट काढ आणि इलेक्ट्रॉनिक टाक, कायमची कटकट जाईल. पण गाडी तशी बरी चालते. टाकू का?

उत्तर: गाडी बरी चालत असेल तर घाई कशाला? पॉइंट (कॅमने उघडमीट होणारा छोटा स्विच), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी), बॅटरी ही पद्धत अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमाराला मोटारींसाठी बसवली आणि पुढे कितीतरी दशकं सगळं जग त्यावर चाललं, तेव्हा पॉइंट म्हणजे मुळातच भिकार वस्तू असं काही नाही. पॉइंटचे खरे दोष दोनच. फायबरची टाच झिजते म्हणून गॅप हळूहळू कमी होतो, आणि कॅमच्या शाफ्टला खेळ आला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नाचतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये हे दोन्ही बरेच सुधारतात.

पण तो इलेक्ट्रॉनिकचा डबा बाकी काहीच दुरुस्त करत नाही हो. तुमची सडकी वायर सडकीच राहते, गंजलेला इग्निशन स्विच तसाच राहतो, थकलेली बॅटरी थकलेलीच राहते, उलट पॉइंटला ९ व्होल्टसुद्धा चालून जातात आणि कसाबसा करंट पडतो पण बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलना तेवढ्यात भागत नाही, मग गाडी मिसिंग करते, किकला उलटा झटका देते आणि मालक म्हणतो किटच खराब. म्हणून माझं मत सरळ आहे, आधी गाडीचं चार्जिंग बघा आणि मग इग्निशन निवडा. इंजिन चालू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा, १२ व्होल्टच्या सिस्टिमला १३.५ ते १४.५ च्या आसपास दिसलं तर तुम्ही इलेक्ट्रॉनिकचा विचार करू शकता. तेवढं दिसत नसेल तर ते पैसे आधी अल्टरनेटर, रेक्टिफायर आणि वायरिंगवर घाला.

टाकायचंच ठरलं तर हेही बघा की किट अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणं) स्वतः देतं की जुन्या यांत्रिक अ‍ॅडव्हान्सवरच बसतं. जपानी गाड्यांसाठीचं डायना एस जुनी वजनं आणि स्प्रिंग तशीच वापरतं, म्हणजे ती झिजली असतील तर रोग तसाच राहिला. बॉयर ब्रॅन्सडन, पॅझॉन, ट्राय-स्पार्क ही मंडळी यांत्रिक अ‍ॅडव्हान्स काढून टाकतात आणि ते काम सर्किटवर सोडतात. जुने पॉइंट, प्लेट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा) आणि अ‍ॅडव्हान्स युनिट मात्र फेकू नका, तेल लावून डब्यात ठेवा. मॉड्यूल गेलं तर रस्त्याच्या कडेला बसून ते उघडता येत नाही, पॉइंट झिरो पेपरने घासून घरी येता येतं.

प्रश्न: माझी पन्नासच्या दशकातली ५०० सीसी सिंगल, मॅग्नेटोवाली. सकाळी एका किकमध्ये सुरू. वीस-पंचवीस किलोमीटर गेलो, चहाला थांबलो, की नंतर काही केल्या सुरू होत नाही, तासाभराने गार झाली की परत एका किकमध्ये. कार्ब्युरेटर दोनदा उघडला. प्लग नवीन आहे.

उत्तर: कार्ब्युरेटरला आता तरी सोडा बिचाऱ्याला. गार असताना एका किकमध्ये आणि गरम झाल्यावर अजिबात नाही हे लक्षण जवळजवळ पुस्तकातलं आहे, मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतः फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) आर्मेचरमधला कंडेन्सर किंवा वाइंडिंग गरम झाल्यावर गळायला लागलंय. जुन्या लुकास मॅग्नेटोमध्ये कंडेन्सर आर्मेचरच्या आत, फिरणाऱ्या भागात असतो, इतक्या वर्षांनी त्यात दमट हवा शिरलेली असते, आणि गार असताना जेमतेम काम करणारा तो तापला की हात वर करतो. वाइंडिंगवरचं जुनं शेलॅक उष्णतेने मऊ होऊन बाहेर येतं ते वेगळंच.

मात्र उघडण्याआधी सोप्या गोष्टी तपासून घ्या. कटऑफ बटनाची वायर मॅग्नेटोपासून सोडवा आणि गरम इंजिनवर किक मारून बघा, कारण मॅग्नेटो बंद करताना प्रायमरी अर्थ होते आणि हँडलबारजवळ ती वायर सोलली गेली असेल तर गाडी बंदच राहणार. (ही वायर बॅटरीच्या कुठल्याही टोकाला चुकूनही लावू नका.) मग पिकअप (मॅग्नेटोवर प्लगची वायर जिथे जोडते तो भाग) काढून कार्बन ब्रश बघा, स्लिप रिंगवर काळी भुकटी साचलेली असते, पेट्रोलमध्ये बुडवलेलं स्वच्छ फडकं काडीला गुंडाळून पिकअपच्या भोकातून रिंगवर टेकवा आणि इंजिन हाताने फिरवा. पॉइंटचा गॅप ०.३० मिमी, म्हणजे इंचात १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). प्लगचा गॅप ०.४५ ते ०.५० च्या वर नको, कारण मॅग्नेटो स्वतः फिरून वीज तयार करतो आणि किकच्या वेळी तो अगदी हळू फिरत असतो, तेव्हा मोठ्या गॅपमधून ठिणगी मारायची ताकद त्यात नसते.

एवढं करूनही तेच होत असेल तर मॅग्नेटो काढून टेबलावर घ्या, हेअर ड्रायरने अंग चांगलं गरम करा आणि हाताने फिरवून ठिणगी बघा. गार असताना निळी कडक आणि गरम झाल्यावर पिवळी मरतुकडी किंवा गायब, तर आता शंका उरली नाही. आर्मेचर परत वाइंड करून नवीन कंडेन्सर बसवणं हाच पक्का इलाज. पॉइंटच्या मागे बसणारे छोटे आधुनिक कॅपॅसिटरही (म्हणजे कंडेन्सरच) मिळतात, वाइंडिंग धड असेल तर तेवढ्याने काम होतं. आर्मेचर स्वतः बाहेर ओढणार असाल तर त्याआधी पिकअप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू हे तिन्ही काढा. ते न काढता ओढलं तर स्लिप रिंगची कड तुटते आणि मग खर्च वाढतो.

ट्विनवाल्यांसाठी जाता जाता एक गंमत, लुकास के२एफ सारख्या मॅग्नेटोत एका सिलिंडरला निगेटिव्ह ठिणगी मिळते आणि दुसऱ्याला पॉझिटिव्ह. त्यामुळे दोन प्लग वेगळे झिजतात, मधूनमधून त्यांची अदलाबदल केली की बास.

प्रश्न: टायमिंग सेट करताना आधी काय करायचं आणि नंतर काय? एक मेकॅनिक म्हणतो आधी टायमिंग, दुसरा म्हणतो आधी गॅप. शिवाय मॅन्युअलमध्ये मिलिमीटर दिलेत आणि नेटवर सगळे डिग्री सांगतात.

उत्तर: आधी गॅप. कायम. यात वाद घालण्यासारखं काही नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो म्हणजे टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं आणि गॅप कमी केला की रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. टायमिंग आधी लावून मग गॅपला हात लावलात तर केलेलं सगळं पुसलं गेलं. बॅटरी-कॉइलच्या बहुतेक गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी, पण गॅप मोजायचा तो कॅमने पॉइंट जास्तीत जास्त उघडलेला असताना. आणि पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा तयार झाला असेल तर फिलर गेज उंचवट्यावर टेकतो आणि खोटं माप देतो, तेव्हा आधी पॉइंट सपाट करा.

मिलिमीटर म्हणजे पिस्टन टीडीसीच्या (सगळ्यात वरच्या जागेच्या) किती खाली असताना ठिणगी पडावी ते, आणि डिग्री म्हणजे क्रँक किती फिरायची बाकी असताना. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, फक्त एकातून दुसरं काढायला स्ट्रोक आणि कनेक्टिंग रॉडची लांबी लागते, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही. जावासारख्या टू-स्ट्रोकला मिलिमीटरच बरे पडतात, प्लगच्या भोकात डायल गेज बसवा, टीडीसीला शून्य करा, इंजिन मागे थोडं जास्तच फिरवा आणि मग पुढे आणत मापावर थांबा म्हणजे गिअरचा किंवा चेनचा ढिलेपणा मध्ये येत नाही. भोक तिरकं असेल तर मात्र डायल गेजही तिरका जातो आणि आकडा फसवा येतो हे लक्षात असू द्या.

फोर-स्ट्रोकला डिग्री डिस्क लावणार असाल तर टीडीसी स्क्रूड्रायव्हर घालून अंदाजाने शोधू नका. टीडीसीच्या आसपास क्रँक दोनचार डिग्री फिरली तरी पिस्टन हललेला कळतच नाही, म्हणजे तिथेच तेवढी चूक. त्याऐवजी जुन्या प्लगच्या खोळीत बोल्ट बसवून अडथळा तयार करा, तो भोकात बसवा, इंजिन हाताने हळूच एका बाजूला फिरवून पिस्टन टेकवा आणि डिस्कवरचा आकडा लिहा, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा आणि तोही आकडा लिहा, दोघांचा बरोबर मध्य म्हणजे खरी टीडीसी. अडथळा असताना किक किंवा स्टार्टर अजिबात नाही, पिस्टनला भोक पडेल.

पॉइंट नक्की कधी उघडला हे बघायला बॅटरीवाल्या गाडीत पॉइंटला समांतर एक छोटा बल्ब लावा, इग्निशन चालू करा, पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. अँमीटर असलेल्या गाडीत, म्हणजे बुलेटसारख्या, बल्बही नको, पॉइंट मिटलेला असताना काटा डिस्चार्जकडे असतो आणि उघडला की शून्यावर परततो. मॅग्नेटोला मात्र बल्बची ही युक्ती चालत नाही कारण प्रायमरीचं वाइंडिंगच इतकं कमी रेझिस्टन्सचं असतं की पॉइंट उघडा असो की बंद, बल्बला फरक समजत नाही. तिथे पातळ कागदाची पट्टी पॉइंटमध्ये पकडून हलकेच ओढत राहायचं, ज्या क्षणी ती सुटते तो क्षण तुमचा. फोर-स्ट्रोकमध्ये मॅग्नेटो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा तिथली एक डिग्री म्हणजे क्रँकवर दोन. आणि गिअर नुसत्या टेपरवर बसत असेल तर नट आवळताना तो हमखास सरकतो, आवळून झाल्यावर परत तपासायचं, मग परत सोडायचं, शिव्या द्यायच्या आणि परत लावायचं. दुसरा रस्ता नाही.

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक किट बसवून महिना झाला. दिवसा झकास. रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबलो की मिसिंग आणि कधीकधी बंद. विकणारा म्हणतो किट ओके आहे. तो टोलवाटोलवी करतोय का?

उत्तर: या वेळी बहुधा तो खरं बोलतोय. आयडलिंगला जुना अल्टरनेटर हेडलाइट आणि इग्निशन दोघांना पुरेल इतकं देत नाही, फरक बॅटरी भरते, आणि बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंत जो प्रवास आहे त्यात स्विच, फ्यूज, किल स्विच आणि चार-पाच जोड येतात, प्रत्येक ठिकाणी थोडे व्होल्ट खाल्ले जातात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरं मॉड्यूलच्या सप्लाय वायरवर ठेवा, इग्निशन आणि लाइट चालू. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर रस्त्यातच आहे. जोड साफ करा, किंवा बॅटरीवरून फ्यूज टाकून सरळ जाड वायर आणा, मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) घाला आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवायचं काम द्या.

अर्थकडेही बघा. फ्रेमला नवीन पावडर कोटिंग केलेलं असेल तर इंजिनचा अर्थ रंगावर अडतो, इंजिनपासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर टाका. हेडलाइटला एलईडी टाकला तरी बराच भार हलका होतो. कॉइल किटच्या कागदावर सांगितलेल्या ओहमचीच हवी, आणि प्लग कॅप रेझिस्टरवाली, साधारण ५ किलोओहम, कारण डिजिटल मॉड्यूलला उघड्या तांब्याच्या वायरीचा आवाज सहन होत नाही.

प्रश्न: स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावला तर ट्रायम्फ ६५० ची खूण एका जागी थांबतच नाही, पुढेमागे नाचते. डावा सिलिंडर एक सांगतो, उजवा दुसरंच.

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत. खूण नाचते म्हणजे अ‍ॅडव्हान्स युनिटच्या स्प्रिंग ताणलेल्या, वजनांच्या पिना झिजलेल्या किंवा सुकून चिकटलेल्या. कॅम हाताने फिरवून सोडा, चटकन जागेवर आला पाहिजे. स्प्रिंग थकल्या असतील तर आयडलिंगलाच अ‍ॅडव्हान्स सुरू होतो आणि इंजिन रेस करून खाली येतच नाही, लोक मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत बसतात. दुसरी शक्यता जरा वाईट, लुकास अल्टरनेटरचा रोटर मधल्या बुशवरून सैल होऊन सरकलेला असू शकतो, तेव्हा त्यावरची खूणच खोटी झालेली असते. डिग्री डिस्कने एकदा ताळा करा.

डाव्या-उजव्याचं म्हणाल तर प्लेट कुठली आहे बघा. १९६३ ते ६७ च्या गाड्यांत ४सीए असतं, त्यात दोन्ही पॉइंट एकाच प्लेटवर, एकाचं टायमिंग लावलं की दुसऱ्याचं जे येईल ते, गॅपमध्ये थोडी हेराफेरी करून जुळवावं लागतं. १९६८ पासून ६सीए आलं, त्यात प्रत्येक पॉइंट स्वतंत्र सरकतो. ६सीए असेल तर आधी एका सिलिंडरचं मोठ्या प्लेटवर, मग दुसऱ्याचं छोट्या प्लेटवर. तुमच्या ६५० चं ३८ डिग्री हे पूर्ण अ‍ॅडव्हान्सचं माप आहे, तेव्हा स्ट्रोबने बघताना रेस ३००० च्या वर न्या, आयडलिंगला ३८ आणायला गेलात तर पिस्टनचं काही खरं नाही.

प्रश्न: काका, आजोबांची मोटरसायकल मी स्वतः सांभाळते. नवीन पॉइंट टाकले की पाचसहाशे किलोमीटरमध्ये काळेनिळे होऊन जळतात. तीनदा बदलले.

उत्तर: छान, स्वतः करतेस ना, मग हे नक्की सापडेल. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघ. बारीकशी निळसर ठिणगी चालते, पण लख्ख पांढरी आणि मोठी दिसली तर कंडेन्सर गेलाय. त्याचं काम पॉइंट उघडताना प्रायमरीत उसळणारे काहीशे व्होल्ट झेलायचं, तो झेलत नसेल तर तेच पॉइंटवर जळतात. किंमत साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड. आजकाल नवीन म्हणून मिळणारे बरेच कंडेन्सर डब्यातूनच मेलेले येतात, त्यामुळे “तोही नवीनच आहे” हे उत्तर मला चालणार नाही. ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर इंजिनच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसवलास तर ही भानगड बऱ्याचदा मिटते.

कंडेन्सर ठीक निघाला तर कॉइल मोज. १२ व्होल्टच्या गाडीला प्रायमरी ३ ते ४ ओहमची हवी, म्हणजे पॉइंटमधून साडेतीन अँपियरच्या आसपास करंट जातो. कोणीतरी ६ व्होल्टची दीड ओहमची कॉइल ठोकून दिली असेल तर तिथून ८ अँपियर जाताहेत, पॉइंट जळणार नाहीत तर काय. कॅमच्या फेल्टवर ग्रीस जास्त लावलं तरी ते उडून पॉइंटवर येतं आणि जळतं, नखाच्या टोकाएवढं पुरे.

आणि गाडी बंद असताना चावी चालू ठेवू नकोस. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल नुसती तापत राहते.

प्रश्न: ४०,००० व्होल्टची स्पोर्ट्स कॉइल टाकली तर पिकअप वाढेल का?

उत्तर: नाही. व्होल्टेज प्लगच्या गॅपमधून ठिणगी पडेपर्यंतच वाढतं आणि ठिणगी पडली की तिथेच थांबतं, साध्या गाडीत ती त्या आकड्याच्या कितीतरी आधी पडते. पैसे प्लग वायर आणि कॅपवर घाला.

प्रश्न: जुन्या इंग्लिश गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलंय. निगेटिव्ह करून घेऊ का, म्हणजे सगळं आधुनिक सामान चालेल?

उत्तर: करता येतं, पण इग्निशनपुरतं बघाल तर बरीच चांगली किट दोन्ही प्रकारांना चालतात, वायरी कागदात सांगितल्याप्रमाणे लावल्या की झालं, उलट लावल्या तर मॉड्यूल पहिल्याच क्षणी गेलं समजा. बदलायचंच असेल तर झेनर डायोड (जास्तीचे व्होल्ट रोखणारा) आणि रेक्टिफायरचं काय करणार ते आधी ठरवा, डायनॅमो असेल तर त्याला परत उलट्या दिशेने पोलराइज करावं लागतं. आणि कॉइलच्या दोन प्रायमरी वायरींची अदलाबदल करायला विसरू नका. प्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह मिळालं पाहिजे, कारण तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलटं झालं तर गाडी चालते, पण ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं आणि गार सकाळी किक वाढतात.